एकट्याने कनू वल्हवताना गुडघे टेकावेत की बसावं?

प्रश्न : कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या तळ्यांवर मी एकटीच १५ फुटी कनू (वल्ह्याची उघडी, निमुळती होडी) चालवते. गुडघे टेकले की २० मिनिटांत पावलं बधिर होतात. बसलं की वाऱ्यात होडी डुलते. काय करावं?

उत्तर : वारा, लाटा किंवा पाण्याला ओढ असेल तर गुडघेच टेका. ते तळाच्या दोन्ही कडांकडे फाकवा आणि बूड बैठकीच्या पुढच्या कडेला टेकवा. असा तीन ठिकाणी आधार मिळाला की होडी कमरेनं आवरता येते. वजनही खाली येतं.

पावलं बधिर होण्याचं कारण बहुधा सपाट बैठक. तिची कड मांडीत रुतते, मग आपण नकळत टाचांवर बसतो. बैठक होडीच्या काठांना ज्या बोल्टांनी टांगलेली असते, त्यातले पुढचे बोल्ट लांब घालून, काठ नि बैठकीच्या मध्ये लाकडी गुटके देऊन पुढची कड दोनेक सेंटिमीटर खाली आणा. गुडघ्यांखाली जाड फोम हवाच. मात्र बूट घालून पावलं बैठकीखालून झटकन निघतात ना, हे काठावरच तपासा. होडी उलटल्यावर पाय अडकला तर जिवावर बेतेल, बधिरपणाचं काय एवढं! जाड तळव्यांचे बूट घरीच ठेवा.

शांत पाण्यात खुशाल बसा, पण पायांना पुढे आडवी पट्टी हवी. ती नसेल तर वल्हं ओढताना आपणच बैठकीवर सरकतो नि जोर वाया जातो. अधूनमधून एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे पसरा, थोड्या वेळानं बाजू बदला.