वाकड्या पंखांचं विमान

प्रश्न : जपानच्या 'झिरो' या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाआधीच्या एका चाचणी विमानाचे पंख मध्येच खाली वाकलेले दिसतात. असं का? आणि पुढच्या विमानांत ते का नाहीत?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते मित्सुबिशीचं 'का-१४'. त्याची लाकडी प्रतिकृती मी स्वतः केली आहे आणि सगळ्यात जास्त वेळ त्या बाकानेच खाल्ला! पंख खाली झुकवले की चाकांचे पाय आखूड होतात. वजन आणि हवेचा अवरोध दोन्ही घटतात. चाकं आत ओढली जात नसल्याने हे महत्त्वाचं होतं.

त्याचे रचनाकार जिरो होरिकोशी यांच्या आधीच्या लढाऊ विमानाचे दोन्ही नमुने अपघातात गेले होते. तरी खचून न जाता त्यांनी हे घडवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. हवेचा अवरोध घटावा म्हणून रिव्हेटांची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) डोकीसुद्धा पत्र्याशी सपाट बसवली. फेब्रुवारी १९३५मध्ये ते उडालं. नौदलाने ताशी ३५० किमी वेग मागितला होता. चाचण्यांत ते ४४०च्या पुढे गेलं.

पण त्या बाकामुळे उतरताना विमान जमिनीलगत तरंगत राही. म्हणून दुसऱ्या नमुन्यात पंखांचा मधला भाग सरळ केला. त्यातूनच १९३६मध्ये नौदलाचं 'ए५एम' हे लढाऊ विमान आलं.