बाळाला लघवीचा संसर्ग झाला, आता किडनी जाणार का?

तान्ह्या बाळाचा ताप उतरत नाही, लघवी तपासली जाते, संसर्ग निघतो आणि डॉक्टर म्हणतात, “किडनीपर्यंत गेलेला दिसतोय.” त्यापुढचं वाक्य बहुतेक आईबापांच्या कानात शिरतच नाही. औषध किती दिवस, सोनोग्राफी कधी, हे सगळं डॉक्टर सांगत असतात, पण डोक्यात एकच घोळत असतं: पोराची किडनी गेली. तिथून ते माझ्याकडे येतात. धुळ्यात लहान मुलांच्या पालकांशी बोलण्याचं काम करताना हा प्रश्न वारंवार समोर येतो, म्हणून एका कुटुंबाची हकीकत सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये यासाठी नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब शिरपूर तालुक्यातलं. कापूस आणि थोडी केळी. मुलगी आठ महिन्यांची, तिला परी म्हणू. तिची आई सुवर्णा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, पारोळ्याकडे गेली होती, तिथे पोरीला ताप आला. वैशाखातलं खान्देशी ऊन, तेव्हा कुणालाही वाटलं असतं तेच वाटलं: ऊन लागलं. तळपायाला कांद्याचा रस चोळला, मेडिकलवरून तापाचं औषध आणलं. शू करताना पोर कळवळून रडते म्हटल्यावर उन्हाळी लागली असं ठरलं आणि धन्याजिऱ्याचं पाणी पाजलं. चौथ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, पोर दूध ओढेना, तेव्हा दवाखाना गाठला. पाचव्या महिन्यातही असाच ताप येऊन गेला होता. तेव्हा काहीतरी अँटिबायोटिक दिलं गेलं, ताप गेला, लघवी कुणी तपासली नाही.

या वेळी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, ई. कोलाय निघाला. लहान मुलांच्या बहुसंख्य संसर्गांत हाच जंतू असतो, आपल्याच आतड्यातला. सोनोग्राफीत डाव्या किडनीला थोडी सूज दिसली. सलाइनमधून औषध सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला. वैद्यकीय बाजूनं प्रकरण मार्गी लागलं होतं. घराचं नव्हतं.

कारण या घरात किडनी हा शब्द आधीच राहायला आलेला होता. परीचे आजोबा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धुळ्याला येतात. पहाटेची एसटी, हाताला टोचलेल्या जाड सुया, मोजूनमापून प्यायचं पाणी, हे सगळं रोज डोळ्यांसमोर. आजी माझ्यासमोर बसली आणि पहिलंच म्हणाली, “तेस्नी किडनी गयी, आते पोरनी बी जाई का व ताई?”

अशा वेळी “काही होत नाही, काळजी करू नका” असं म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणत नाही. ज्या बाईनं घरात डायलिसिस पाहिलंय तिला ते वाक्य म्हणजे थापच वाटते. मी आजींना आधी आजोबांबद्दलच विचारलं. साखर किती वर्षांची? वीस. ब्लडप्रेशर? तेही तेवढंच. गोळ्या? मधूनमधून सोडलेल्या. म्हणजे त्यांच्या दोन्ही किडन्या वर्षानुवर्षं, सगळीकडून झिजत गेल्या. परीच्या एका किडनीत जंतू गेले, तिथे सूज आली, औषधानं जंतू मेले. दोन्ही आजार एकाच अवयवाचे, पण वाटा वेगळ्या. आजी गप्प झाल्या. पटलं असं नाही, पण ऐकायला तयार झाल्या.

सुवर्णाचं दुखणं वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त काळजीची वाटली. सासरचे म्हणत होते माहेरच्या उन्हानं झालं. माहेरचे म्हणत होते डायपरनं झालं. शेजारची कुणी म्हणाली, तुझ्या दुधातच उष्णता असेल. ती स्वतः म्हणत होती, “मी तिला नीट धुतलं नसेन.” बाळ आजारी पडलं की आरोपी शोधायची घाई होते आणि आईच सगळ्यात जवळ उभी असते.

तिला मी सांगितलं ते असं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि शीच्या जागेपासून जवळ, त्यामुळे आतड्यातले जंतू वर चढायला वाव मिळतो. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत तर मुलांनाही हा संसर्ग होतो, मुलींपेक्षा जास्तच. धुताना हात पुढून मागे न्यावा, भरलेला डायपर तासन्‌तास ठेवू नये, वरचं खाणं सुरू झाल्यावर बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, हे करावंच. पण हे सगळं चोख करणाऱ्या आईच्या बाळालाही संसर्ग होतो. उन्हानं किंवा दुधानं तर होतच नाही. हे मी मुद्दाम नवरा आणि सासू दोघांसमोर सांगितलं. एकट्या सुवर्णाला सांगून उपयोग नव्हता, घरी गेल्यावर तिची बाजू मांडायला मी तिथे असणार नव्हते.

नवरा, भूषण, बोलायचा कमी. तिसऱ्या दिवशी मोबाइलमधला रिपोर्ट घेऊन आला. “ताई, क्रिएटिनिन ०.३ आहे. बाजूला खालच्या बाणाची खूण आहे, लाल. किडनी चालतच नाही का?” रात्रभर झोपला नव्हता. रिपोर्टवर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली होती, आणि त्या मानानं ०.३ कमी, म्हणून संगणकानं खूण केली. क्रिएटिनिन स्नायूंमधून रक्तात येतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. बाळाचे स्नायू ते केवढे! या वयात ०.२ ते ०.४ हे चांगलंच. किडनी थकली की हा आकडा वाढतो, उतरत नाही. आजोबांचे आकडे त्याला तोंडपाठ होते, तरी लाल खूण बघून गडबडला. प्रयोगशाळांनी बाळांच्या रिपोर्टवर बाळांची मर्यादा छापली तर किती घरांची झोप वाचेल!

मग एमसीयू ठरली. बारीक नळीनं मूत्राशयात औषध भरतात आणि मूल शू करत असताना एक्स-रे काढतात. नळीचं नाव काढताच सुवर्णा नको म्हणाली. तपासणी नेमकी काय शोधते हे कळलं तर नकार बराच मावळतो, असा अनुभव आहे. किडनीतून लघवी मूत्राशयात उतरते, तिनं परत वर जायचं नसतं. काही मुलांत ती जाते, त्याला रिफ्लक्स म्हणतात. भूषण पटकन म्हणाला, “म्हणजे विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह लीक आहे.” तंतोतंत. पुढे त्या घरात रिफ्लक्स हा शब्द कुणी वापरला नाही, फूटव्हॉल्व्हच म्हटलं गेलं, आणि आजींनाही तो कळला.

परीला डाव्या बाजूला तिसऱ्या श्रेणीचा रिफ्लक्स निघाला. श्रेणी पाच असतात. हलका रिफ्लक्स बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो, तिसऱ्या श्रेणीचाही बऱ्याच मुलांत जातो. तोवर नवा संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस सुरू केला. यावर घरात मोठा वाद झाला. रोज अँटिबायोटिक दिलं तर पुढे लागू पडणार नाही, हे भूषणचं म्हणणं निराधार नव्हतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अशा डोसमुळे पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले, पण किडनीवरच्या व्रणांत फरक दिसला नाही, आणि झालेच संसर्ग तर जंतू औषधाला दाद न देणारे असण्याची शक्यता वाढली. म्हणून हा डोस सरसकट सगळ्यांना देत नाहीत. रिफ्लक्सची श्रेणी, वय, आधीचे संसर्ग पाहून डॉक्टर ठरवतात. मी एवढंच सांगितलं की शंका डॉक्टरांना थेट विचारा, आपल्या मनानं चार दिवस देऊन चार दिवस सोडू नका. अर्धवट देण्यात दोन्हीकडून तोटा.

खरी कसोटी काही महिन्यांनी आली. संसर्ग बरा झाल्यावर चार ते सहा महिन्यांनी डीएमएसए स्कॅन करतात, किडनीवर कायमचा व्रण राहिलाय का ते बघायला. त्यासाठी त्यांना नाशिकला जावं लागलं. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला छोटा व्रण निघाला.

इथे लपवाछपवी चालत नाही. गेलेला भाग पुन्हा तयार होत नाही, कारण किडनीतले गाळणारे घटक जन्मापूर्वीच तयार होतात, नंतर नवे येत नाहीत. हे मी स्पष्ट सांगितलं. पण एका किडनीत हे घटक दहा लाखांच्या आसपास असतात, दुसरी किडनी पूर्ण निरोगी आहे, आणि एकच किडनी दान करून लोक आयुष्यभर व्यवस्थित जगतात. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर तापासह झालेल्या पहिल्या संसर्गानंतर साधारण १५ टक्के मुलांत असा व्रण राहतो. त्यांतल्या फार थोड्या मुलांना पुढे किडनीचा गंभीर त्रास होतो, आणि त्यांतही दोन्ही किडन्यांवर मोठे व्रण असलेली किंवा जन्मापासूनच किडनीची रचना बिघडलेली मुलं जास्त. परीच्या बाबतीत वर्षातून एकदा ब्लडप्रेशर, लघवीतलं प्रथिन आणि उंची-वजन बघत राहायचं. ब्लडप्रेशर मात्र लहान मुलांच्या पट्ट्यानंच मोजायला हवं, मोठ्यांच्या पट्ट्यानं आकडा चुकतो.

आणि ताप. सगळी भीती या एका जागी गोळा करा, असं मी त्यांना म्हणाले. उपचाराला ४८ तासांपेक्षा उशीर झाला की व्रणाची शक्यता वाढते. त्यामुळे परीला १०० च्या वर ताप आला तर सर्दी-खोकला असो वा नसो, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी, आणि तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. एक डोस पोटात गेला की कल्चरमध्ये जंतू उगवेनासा होतो आणि मग अंदाजपंचे. चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून पिशवीचा रिपोर्ट स्वच्छ आला तर भरवसा ठेवता येतो, जंतू दाखवले तर नाही; तेव्हा नळीनं नमुना घेऊ द्यावा. शिरपूरच्या खेड्यांतून नमुना आणायचा तर आणखी एक गोष्ट. मे महिन्यात बाटली मोटरसायकलच्या डिकीत दोन तास राहिली तर आतले थोडेसे जंतूही भराभर वाढतात. बाळालाच प्रयोगशाळेत न्यावं, नाहीतर बाटली बर्फाच्या पिशवीत. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर तपासण्यांची वाट न बघता थेट दवाखाना. मुलगा असेल आणि शूची धार बारीक, थेंबथेंब येत असेल, तर ताप नसला तरी दाखवावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूध पुरतं.

रिफ्लक्स काही घरांत भावंडांतही आढळतो, म्हणून परीला पुढे भाऊ-बहीण झालं तर त्याच्या तापालाही हाच नियम.

निघताना आजींनी भूषणला बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, पोरीच्या लग्नात हे सांगावं लागेल का? पोर अजून रांगत होती. मला हसू आलं नाही. आपल्याकडे मुलीच्या आजाराच्या मागे हा प्रश्न हमखास उभा असतो. मी म्हटलं, “आजी, ते तेव्हा तीच ठरवेल. पण ही फाईल टाकू नका. तिला दिवस जातील तेव्हा तिच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत दाखवायची, कारण तेव्हा लघवी आणि ब्लडप्रेशर जरा जास्त वेळा बघावं लागेल.” आजींनी विचारलं, फाईलला प्लास्टिकचं कव्हर कुठे मिळेल. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतं, ते मी दाखवलं.