टनेल 500चा, ट्रॅफिक 800चा, मग रिझर्व्ह नक्की काय झालं?

प्रश्न: लॅबमध्ये अ, ब, क, ड असे चार राउटर एका रांगेत जोडलेत, सगळ्या लिंक 1 जीबीपीएसच्या. अ ते ड आरएसव्हीपी-टीईचा (ठरलेल्या रस्त्याने टनेल उभा करून त्यासाठी बँडविड्थ राखणारा प्रोटोकॉल) टनेल टाकला, बँडविड्थ दिली 500 एमबीपीएस. टेस्टरने 800 सोडले तरी आरामात जातात, कोणी अडवत नाही. मग ट्रॅफिक बंद केला, लिंक पूर्ण रिकामी, आणि दुसरा 600चा टनेल टाकला तर तो वरच येत नाही! हे उलटं कसं? आणि लेबल (पॅकेटला चिकटवलेला नंबर, ज्यावरून राउटर ते पुढे पाठवतो) शेवटच्या राउटरकडून मागे का येतं, अ स्वतःच का ठरवत नाही?

उत्तर: उलटं काही नाहीये, दोन्हीकडे राउटर त्याची वही बघतोय, तार बघतच नाहीये. 500 दिले म्हणजे तारेत 500चा वेगळा पाइप निघाला असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही बरेच दिवस वाटायचं. प्रत्यक्षात प्रत्येक राउटर फक्त लिहून ठेवतो की या लिंकवर 1000 होते, 500 दिले, 500 उरले. खरा ट्रॅफिक 800 असो की शून्य, वहीत 500च. म्हणून 600ला जागा नाही. हा उरलेला आकडा ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस (राउटरांना एकमेकांची माहिती देणारे राउटिंग प्रोटोकॉल) सगळ्यांना कळवत असतं, त्यामुळे अ राउटर रस्ता काढतानाच थांबतो, पाथ मेसेज (टनेल मागणारा मेसेज) बाहेरही पडत नाही. आकडा शिळा असेल तरच मेसेज जातो आणि मधल्या राउटरकडून एरर परत येते. 800चे 500 करायचे असतील तर अ वर पोलिसर (ठरलेल्या वेगापेक्षा जास्तीचा ट्रॅफिक टाकून देणारी सोय) लावा, ते काम आरएसव्हीपीचं नाहीच. आणि त्याच लिंकवरून एलडीपीचा (फक्त लेबल वाटणारा दुसरा प्रोटोकॉल) किंवा साधा आयपी ट्रॅफिक जात असेल तर तो या वहीत येतच नाही हेही लक्षात असू द्या, गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

आता लेबल. पाथ मेसेज अ कडून ड कडे जातो, त्यात रस्ता, हवी तेवढी बँडविड्थ आणि "मला लेबल द्या" अशी मागणी असते. उत्तर म्हणून रेझ्व मेसेज ड कडून उलटा निघतो. ड म्हणतो 3, म्हणजे "माझ्याकडे लेबल काढूनच पाठव". क स्वतःच्या क-ड लिंकवर 500 लिहितो आणि ब ला सांगतो, समजा, 24017. ब तसंच ब-क वर लिहून अ ला सांगतो 30112. मागून का, तर पॅकेट आल्यावर ते लेबल ज्याला स्वतःच्या टेबलमध्ये शोधायचंय नंबर त्यानेच द्यायला हवा, अ ने मनाने काहीतरी चिकटवलं तर ब च्या टेबलमध्ये त्या नंबरला भलताच टनेल निघायचा. लेबल 20 बिटचं असतं आणि एका हॉपपुरतंच (एका राउटरपासून पुढच्यापर्यंत), पुढे बदलतं.

बँडविड्थची नोंद आणि लेबल एकाच मेसेजमधून येण्याचं कारण जुनं आहे. आरएसव्हीपी 1997 मध्ये आलं ते नुसत्या रिझर्व्हेशनसाठी, लेबल त्याला 2001 च्या आरएफसी 3209 ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) जोडलं. सीआर-एलडीपी नावाचा स्पर्धक होता, त्यावरचं काम आयईटीएफने (इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणारी संस्था) 2003 मध्ये थांबवलं. साधं एलडीपी लेबल वाटतं पण बँडविड्थचं काही लिहीत नाही.

एक गंमत करून बघा, पहिला टनेल 500चा 600 करा. नवा रस्ता उभा राहिल्यावरच जुना सुटतो, म्हणजे मधल्या वेळात 500 अधिक 600, 1100 लागायला हवेत आणि 1000च्या लिंकवर काम फसायला हवं. पण रिझर्व्हेशनची स्टाइल शेअर्ड एक्सप्लिसिट (एकत्र मोजणारी) असेल तर एकाच टनेलचे दोन्ही रस्ते मिळून 600च धरले जातात आणि बदल होऊन जातो. फिक्स्ड फिल्टर (प्रत्येक रस्ता वेगळा मोजणारी स्टाइल) असेल तर अडकतो.

तुमचा 600चा टनेल मात्र 500च्या शेजारी बसणार नाहीच. तो जास्त महत्त्वाचा असेल तर त्याची सेटअप प्रायॉरिटी (जागा मिळवतानाचा मान) पहिल्याच्या होल्ड प्रायॉरिटीपेक्षा (मिळालेली जागा टिकवण्याचा मान) कमी आकड्याची द्या, 0 सगळ्यात वरचा, 7 सगळ्यात खालचा. मग पहिल्याला उठवून तो बसेल, आणि दुसरा रस्ताच नसल्यामुळे पहिला डाउन होईल, तेव्हा आधी ठरवा कोणाला उठवायचंय ते.