क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या प्लगइनची झिप दर रिलीजला हातानं बनवावी लागते. हे आपोआप कसं करता येईल? गिटहब ॲक्शन्स (गिटहबवर कामं आपोआप चालवणारी सोय) शिकावंच लागेल का?

आधी राइट-क्लिक करून झिप करणं बंद करा. 'फोल्डर समोर तर आहे, स्क्रिप्ट कशाला?' हे वाक्य ऑफिसात ऐकून ऐकून कान किटलेत. समोरच्या फोल्डरमध्ये पायकॅश (पायथननं आपोआप बनवलेल्या फाइली) असतं, डॉट-गिट (गिटचा सगळा इतिहास) असतं, कमिट न केलेली अर्धवट फाइल असते. मॅकवर तर 'मॅकओएसएक्स' नावाचं आगंतुक फोल्डरही आत शिरतं आणि अपलोड नाकारलं जातं.

झिप गिटच्या टॅगवरूनच (रिलीज म्हणून नाव दिलेल्या कमिटवरूनच) निघायला हवी, म्हणजे गिट आर्काइव्ह ही कमांड. तिच्या प्रीफिक्समध्ये (झिपमधल्या प्रत्येक पाथच्या आधी लागणाऱ्या भागात) प्लगइनच्या फोल्डरचं नाव द्या, शेवटच्या स्लॅशसकट. ते नाव हीच क्यूजीआयएससाठी प्लगइनची ओळख. म्हणूनच गिटहबची 'डाउनलोड झिप' कुणाला पाठवू नका: फोल्डरला '-मेन' शेपूट लागतं आणि युजरकडे एकाच प्लगइनच्या दोन प्रती दिसू लागतात. टेस्ट, डॉक्स वगळायला गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत एक्सपोर्ट-इग्नोर लिहा, पण टॅग मारायच्या आधी कमिट करा. आर्काइव्ह ते नियम टॅगमधल्या फाइलीतूनच वाचतं.

खरी गोची भाषांतराच्या क्यूएम फाइलींची. त्या एलरिलीज या टूलनं तयार होतात, गिटमध्ये नसतात, म्हणून झिपमध्येही येत नाहीत. आर्काइव्हला ॲड-फाइल पर्याय आहे, पण क्रम सांभाळा: आधी आय१८एन या भाषांतरांच्या फोल्डरपर्यंतचा प्रीफिक्स, मग ॲड-फाइल, शेवटी मूळ प्रीफिक्स. गिटमधल्या फाइलींना शेवटचाच प्रीफिक्स लागतो. क्रम उलटा झाला तर अख्खा कोड आय१८एनमध्ये जाऊन बसतो.

यावर 'तयार झालेल्या फाइलीच कमिट करा' म्हणणारे भेटतील. आमच्याकडे रिसोर्सेसच्या (आयकॉन साठवणाऱ्या) पायथन फाइलीवरून हा वाद कित्येक महिने चालला. डिझायनर आयकॉन बदलतो, ती फाइल बनवणारं पायआरसीसी५ चालवायचं राहतं, आणि युजरला जुनाच आयकॉन दिसतो. आता तर क्यूजीआयएस ४ क्यूटी ६ या लायब्ररीवर आहे आणि तिच्या पायथन रूपात, पायक्यूटी ६ मध्ये, पायआरसीसीच नाही. क्यूआयकॉनला सरळ एसव्हीजीचा पाथ द्या, बिल्डमधली एक पायरी कायमची गेली. मिटला वाद.

ॲक्शन्स शिकायलाच हवं असं नाही. वरचं सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये मावतं. टॅग पुश झाला की ॲक्शन्सनं फक्त ती चालवायची. प्लगइनच्या मेटाडेटा फाइलीतली व्हर्जन आणि टॅग जुळत नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबवा, कारण क्यूजीआयएसची प्लगइन रिपॉझिटरी एकच नंबर दुसऱ्यांदा घेत नाही. अपलोडसकट सगळं आयतं हवं असेल तर क्यूजीआयएस-प्लगइन-सीआय हे तयार टूल वापरा. अपलोडसाठी लागणाऱ्या ओएसजिओ खात्याचा पासवर्ड गिटहबच्या सीक्रेट्समध्ये ठेवा.

हो, एक राहिलंच. सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या गिट रिपॉझिटरी) असतील तर गिट आर्काइव्ह ते घेत नाही, तिथं रिकामं फोल्डर मिळतं. आणि कंपाइल केलेली पायथन लायब्ररी सोबत द्यायची असेल तर विंडोज, लिनक्स, मॅक प्रत्येकाची वेगळी लागते. तिथं ही चार ओळींची स्क्रिप्ट पुरत नाही.