डावीकडे तोंड केलेलं चित्र

ताई, मी 54 वर्षांची आहे. गेली 28 वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आता चित्रांवरच पीएच.डी. करावी असं फार वाटतंय. मुलगा म्हणतो, "आई, या वयात कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय?" ज्या मार्गदर्शक व्हायला तयार आहेत, त्या माझ्याहून 16 वर्षांनी लहान. खरं सांगायचं तर हल्ली काम कमी झालंय आणि नावामागे 'डॉ.' लागलं तर पुन्हा विचारतील, असंही मनात येतं. गंमत म्हणजे गोष्टीतली माणसं घरी परतताना मी नेहमी डावीकडे तोंड करून काढते. का, ते मलाच माहीत नाही. हा वेडेपणा आहे का?

— एक चित्रकार

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या 'गंमत म्हणजे'साठी. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात उजवीकडे धावणारं पात्र वाचणाऱ्याला पुढच्या पानाकडे ओढतं आणि डावीकडे वळलेलं जरा थांबवतं, हे चित्रकारांना ठाऊक असतं. पण अरबी किंवा उर्दू पुस्तकांत पानं उलट्या बाजूने उलटतात. मग तिथली माणसं घरी कुठल्या दिशेने परततात? पाहा, तुमच्याकडे प्रश्न आहे. पुष्कळजण पीएच.डी.ला नाव घालतात ते विषय घेऊन. प्रश्न सापडायलाच त्यांची दोन वर्षं जातात.

साठीत पीएच.डी. झालेला कलाकार हवा असेल तर 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे आहे. सत्तरच्या दशकात बँडपायी अर्धवट सुटलेला प्रबंध त्याने 2007 साली इंपीरियल कॉलेजात पूर्ण केला. मात्र त्याचा विषय होता सूर्यमालेतली धूळ, गिटार नव्हे. तुमचं काम त्याहून अवघड, कारण तुम्हाला स्वतःच्याच हाताला जाब विचारायचाय. '28 वर्षांचा अनुभव आहे, मला जाणवतं' एवढ्यावर तिथे भागणार नाही. आधी कुणी काय म्हटलंय ते वाचा, मग तुम्ही काय वेगळं म्हणताय ते दाखवा. पहिलं वर्ष जड जाईल. दिवसाला एक चित्र हातावेगळं करणाऱ्या बाईला आठवडाभर एका परिच्छेदाशी झटताना स्वतःची कीव येते.

मार्गदर्शक लहान असल्याचं फार मनावर घेऊ नका. चित्रातलं तुम्हाला जास्त कळतं, प्रबंधातलं त्यांना. त्यांनी तुमच्या मजकुरावर लाल रेघा ओढल्या की राग येईल, तो रियाजाचा भाग समजा. त्यांना भेटाल तेव्हा एक जरूर विचारा: चित्रमालिका आणि तिच्या जोडीला छोटा लेखी प्रबंध, अशी पीएच.डी. त्यांच्याकडे चालते का? काही विद्यापीठांत चालते. अर्धवेळ केलीत तर 6 वर्षं सहज जातील. काही शिष्यवृत्त्यांना वयाची अट असते, तेव्हा पैशांचा हिशेब आधी मांडा.

आता थोडं कडू. 'डॉ.' पाहून संपादक फोन करत नाहीत. काम कमी होणं हे वेगळं दुखणं आहे, त्यावर या पदवीचा लेप लावू नका. तेवढ्यासाठीच करणार असाल तर माझं उत्तर सरळ 'नको' आहे. आणि मुलाचा प्रश्न तितकासा वाईट नाही हो. त्याला ते डावं-उजवं समजावून सांगा. ऐकता ऐकता त्याने एखादं जुनं पुस्तक उघडून पाहिलं, तर तो तुमचा पहिला वाचक.

फॉर्म भरायच्या आधी मात्र जुन्या कच्च्या रेखाटनांचा गठ्ठा काढा. घरी परतणाऱ्या माणसांचे कागद वेगळे करा आणि उजेडासमोर तिरके धरा. कुठेतरी आधी उजवीकडे काढलेलं, मग खोडलेलं नाक दिसेल. दिसलं, तर तो कागद घेऊन त्या बाईंना भेटायला जा.

तुमची,
ताई