महागडी, नावाजलेली रेड वाईन आवडली नाही, तर दोष माझ्या जिभेचा का?

बढती मिळाल्याच्या आनंदात तुम्ही सोळा हजारांची इटालियन बरोलो आणलीत. समीक्षकांनी तिला शंभरपैकी 96 गुण दिलेले. प्रत्यक्षात रंग फिका, चव कडक आणि दोन घोटांत तोंड कोरडं. अर्धी बाटली फ्रिजमध्ये पडून आहे, आणि तुम्ही विचारताय की आपल्याला चव कळत नाही की दुकानदाराने फसवलं. माझ्या मते दोन्ही नाही. ती अर्धी बाटली ओतून मात्र देऊ नका.

याच वाईनने माझीही अशीच निराशा केली होती. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये कामासाठी इटलीत तोरिनोला गेलो होतो, तेव्हा एक रविवार त्याच भागातल्या आल्बा शहरात घालवला. या वाईनला जिचं नाव मिळालं, ते बरोलो गाव तिथून अगदी जवळ. तिथल्या एका दुकानातून 2015 सालची बाटली 85 युरोंना घेतली, स्वेटरमध्ये गुंडाळून नाशिकला आणली आणि डिसेंबरात लग्नाच्या वाढदिवसाला, काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर उघडली. ग्लासातून पलीकडचा हात दिसत होता, इतका रंग पातळ. पहिल्याच घोटाला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखा घशाला तोठरा बसला. मटणाचा रस्सा आणि वाईन एकत्र आल्यावर तर नुसती आग. बायकोने ग्लास हळूच बाजूला सरकवला. मला फार वाईट वाटलं. पैशांचं होतंच, पण महिनाभर मी त्या घोटाची वाट पाहिली होती.

आता कारणं. मामांची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे, आणि शेजारच्या बागेत वाईनची द्राक्षं असतात. त्यांचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. ती बी एकदा दाताखाली चावून बघा, जीभ खरखरीत होते. ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. बरोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षापासून करतात, त्यात टॅनिनही भरपूर आणि आंबटपणाही, रंग मात्र मुळातच कमी. म्हणजे फिका रंग ही भेसळीची खूण नाही.

नियमानुसार बरोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. पण विकायला तयार झालेली वाईन प्यायला तयार असतेच असं नाही. चांगल्या बरोलोतलं टॅनिन मऊ व्हायला अनेकदा दहा-पंधरा वर्षं जातात. माझी चारच वर्षांची होती. तुमच्या लेबलावर साल कोणतं आहे तेवढं आधी बघा.

गुणांचा घोळही इथेच आहे. समीक्षक वाईन कोवळी असतानाच चाखतात. फ्रान्समधल्या बोर्दोत तर काढणीनंतरच्या वसंतात, थेट पिंपातून. पुढे ती काय होईल याचा अंदाज त्या आकड्यात धरलेला असतो. आज तुमच्या जेवणाबरोबर ती कशी लागेल, हे 96 गुण सांगत नाहीत. आणि किमतीचं म्हणाल, तर आयात वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं आयातीचा करच एकूण 150 टक्के होता. सोळा हजारांतले बरेचसे तुम्ही वाईनला दिलेलेच नाहीत.

जिभेबद्दल एक सांगतो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या संशोधकांनी एकच वाईन लोकांना एकदा 10 डॉलरची म्हणून दिली, एकदा 90 ची म्हणून. 90 ची म्हटल्यावर ती जास्त आवडली. तुम्ही किंमत माहीत असूनही नाही आवडली म्हणालात. ही जीभ अडाणी कशी?

खरोखर बिघडलेली बाटली वेगळी ओळखता येते. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर दोष बुचाचा. बूच वर सरकलेलं असेल आणि मानेवर चिकट ओघळ असेल, तर वाटेत उष्णता लागली असण्याची शक्यता जास्त. असं काही असेल तर पावतीसह दुकानात परत न्या, संकोच करू नका.

तसं नसेल तर आज रात्री बाटली फ्रिजमधून काढा. थंडपणात टॅनिन आणखी बोचतं, म्हणून वाईन 16 ते 18 अंशांवर येऊ द्या. मे महिन्यातलं आपलं घरातलं तापमान नव्हे. उन्हाळ्यात वीसेक मिनिटं बाहेर ठेवली तरी पुरे. मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून तासभर उघडी ठेवा. सोबत तिखट नको, कारण तिखटाची आग 14 टक्के अल्कोहोलने वाढतेच. तुपात परतलेलं, कमी मसाल्याचं मटण चालेल, किंवा जुनं कडक चीज.

माझी उरलेली अर्धी मी तिसऱ्या दिवशी अशीच प्यायलो. सुकलेल्या गुलाबपाकळ्यांसारखा वास आला, मागून किंचित डांबराचा. कडकपणा गेला नव्हता, पण घोट घशाखाली गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत राहिली. या वेळी बायकोने ग्लास सरकवला नाही.

तरीही नाही आवडली, तर नेब्बिओलो तुमची नाही, एवढंच. त्याच भागातली बार्बेरा घेऊन बघा. टॅनिन कमी, आंबटपणा छान, आणि तिकडचे लोक रोजच्या जेवणाबरोबर तीच पितात. मी तर त्यानंतर तेवढ्या किमतीची बरोलो पुन्हा घेतलेली नाही. बार्बेरा मात्र घरात असते.