लेन्स पन्नासची की पंच्याऐंशीची?

प्रश्न: माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे. आजीचे फोटो घरातच, खिडकीपाशी काढायचेत. ५० एमएम घेऊ की ८५? दोन्हींचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जास्तीत जास्त एफ १.८पर्यंत उघडतं.
– एक वाचक, सातारा

उत्तर: डोळे झाकून ५० घ्या. तुमच्या सेन्सरवर ती १.६ पटीने, म्हणजे ८० एमएमसारखी चौकट देते. ८५ची होते १३६, म्हणजे चौकट आणखी अरुंद! दहा बाय बाराच्या खोलीत मी तिच्यापायी मागे सरकत थेट कपाटाला टेकलो, तरी आईच्या मांडीवरचं तांदूळ पाखडायचं सूप चौकटीबाहेरच.

१.८वर फार हुरळू नका. जवळून काढलात तर पापणी लख्ख, कान पुसट. मी छिद्र जरा लहान, २.८ ठेवतो, फोकस जवळच्या डोळ्यावर. आजींना चष्मा असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा, काचेत खिडकी चमकणार नाही.